मोठी टाकी, मोठं घर : समोरच्या सोसायटीतल्या मंडळींसाठी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

समोरच्या सोसायटीची पुनर्विकासाची विशेष सभा येत्या रविवारी आहे. गेल्या पंधरा दिवसांत तिथल्या आठ-दहा जणांनी मला रिक्षा स्टँडवर, भाजीवाल्यापाशी, एकदा तर दाढीच्या दुकानात गाठलं. प्रश्न एकच. "तुम्ही तर करून बसलात. सांगा, सही करू की नको?"

त्या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर देता येत नाही. "हो, करा" म्हटलं तर अर्धंच खरं आणि "नका करू" म्हटलं तर साफ खोटं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. पण सुरुवात माशांपासून करणार आहे. मला ओळखणारे आता हसतील. हसा. मुद्दा तिथेच कळला, त्याला मी काय करू?

माझ्याकडे गेली अकरा वर्षं खाऱ्या पाण्याची टाकी आहे. गोल्डफिशवाली नाही. समुद्राच्या पाण्याची, त्यात सच्छिद्र दगड, दगडांवर मऊ प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी, दोन-चार इतर मासे, कोळंबी, गोगलगायी. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. आपल्याकडे कडक, दगडी प्रवाळ (खडक बांधणारे) २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीत. समुद्रपंखासुद्धा. मालवणला पाण्याखाली दिसले तर बघायचे, हात लावायचा नाही, आणि कोणी विकत असेल तर घ्यायचे नाहीत. माझ्या टाकीत आहेत ते मशरूम, झोअँथिड आणि एक लेदर, हे मऊ प्रकार. मासेही शक्यतो हॅचरीत वाढलेले.

तर आमची बिल्डिंग आम्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये रिकामी केली. तेव्हा टाकी तीन फुटी होती, दीडशे लिटरच्या आसपास. बिल्डरने तारीख दिली होती, त्या दिवशी संध्याकाळी चावी द्यायची. टेम्पो सकाळी आला. फर्निचर, भांडी, आईचं देवघर, सगळं भरून झाल्यावर टाकीला हात लावला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मासे बादलीत, प्रवाळ दुसऱ्या बादलीत, दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिंपात, आणि वाळू जशी होती तशी दोन टबांत. सहा वर्षं जुनी वाळू. भाड्याच्या घरात पोचलो, रात्री दहाला टाकी उभी केली, वाळू ओतली, दगड रचले, जुनं पाणी थोडं, नवीन थोडं, पंप सुरू. रात्री दीडला झोपलो. झोपताना स्वतःवर खूश होतो. एका दिवसात सगळं हलवलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी धुरकट होतं. अमोनियाचं टेस्ट किट काढलं. पिवळं राहायला हवं ते पाणी हिरवं झालं. त्या दिवशी आणि पुढचे तीन दिवस मी ऑफिसला दांडी मारून पाणी बदलत राहिलो. पाच क्रोमिसपैकी चार गेले. पट्टेरी कोळंबी गेली. झेनिया नावाचं एक मऊ प्रवाळ असतं, पाण्यात मुठी उघडझाप केल्यासारखं हलतं, आई त्याला "टाळ्या वाजवणारं" म्हणायची. ते एका रात्रीत विरघळलं. अक्षरशः विरघळलं, सकाळी तिथे फक्त दगड. क्लाउनची जोडी तेवढी तगली.

चूक कुठे झाली? हे समजायला मला वेळ लागला, आणि या पोस्टचा सगळा मुद्दा तिथे आहे.

मला वाटत होतं टाकी म्हणजे मासे, प्रवाळ आणि पाणी. मी तेच जपलं. पण टाकी जिवंत ठेवतात ते दिसत नाहीत. माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. दगडांच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर जिवाणूंचा थर असतो. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. नवीन टाकीत ही साखळी बसायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टाकीत ती बसलेली असते म्हणूनच आपण निवांत चहा पीत मासे बघतो. जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून असतात. मी जुनं पाणी जपून नेलं, ज्याची फार गरज नव्हती. आणि दगड सात तास ओल्या कागदात ठेवले, जिथे अर्धे जिवाणू आणि दगडातले बारीक जीव मेले. वर सहा वर्षांची वाळू ढवळून त्यात दडलेली सगळी घाण एकदम पाण्यात सोडली. म्हणजे सफाई कामगार मारले आणि कचरा दुप्पट केला. मग माशांनी काय करायचं?

यंदा आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये परत आलो. करारात ३६ महिने लिहिले होते, लागले पन्नासच्या वर. जुनं घर ४१० चौरस फूट कार्पेट, नवीन ५९०. मी ठरवलं होतं, घर मोठं तर टाकीही मोठी. चार फूट लांब, दोन रुंद, दोन उंच, साडेचारशे लिटर. जुन्याच्या तिप्पट. पण या वेळी घाई करायची नाही, हेही ठरवलं होतं.

पहिली गोष्ट वजनाची. पाणी, बारा मिलिमीटरची काच, दगड, वाळू, स्टँड, खालची फिल्टरची टाकी मिळून पाऊण टनाकडे जातं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून डिझाइन केलेला असतो. टाकीचं सगळं वजन पाऊण चौरस मीटरवर येतं. म्हणून नवी बिल्डिंग असली तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं. त्याने नकाशा बघून हॉलच्या मध्ये नाही, बीम ज्या भिंतीखाली आहे तिथे भिंतीला लागून ठेवायला सांगितलं. सोसायटीला पत्र दिलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, हे कोणी देत नाही." म्हटलं, ठेवा फाइलला.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ताबा मिळाला त्या आठवड्यात मी नव्या घरात नवीन टाकी उभी केली, पण जुनी भाड्याच्या घरात तशीच चालू ठेवली. आरओचं पाणी जमवलं (फुकट जाणाऱ्या पाण्याने आम्ही नव्या घराच्या फरश्या धुतल्या), लिटरला साधारण ३५ ग्रॅमच्या हिशेबाने मीठ, पंप लावून दोन दिवस फिरवलं. रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता पाहिली, ३५. नवीन वाळू धुऊन घातली, कोरडे दगड घातले, आणि जुन्या टाकीतले फक्त दोन दगड पाण्यात बुडवूनच नेले, विरजण लावावं तसे. जुनी वाळू एक वाटीभर, वरच्या थराची. बाकी ती पुढे फेकूनच दिली. मग रोज चिमूटभर खाद्य टाकायचं आणि वाट बघायची. अमोनिया वर गेला, खाली आला. नायट्राइट वर गेला, खाली आला. पाच आठवडे टाकीत एकही मासा नव्हता. येणारे-जाणारे विचारायचे, "रिकाम्या टाकीला दिवे लावून काय बघता?" मी म्हणायचो, भाडेकरू येतायत.

पाच आठवडे दोन्ही टाक्या चालू. दोन विजेची बिलं. बायको म्हणाली, "एवढ्यात दुसरा फ्रीज आला असता." खरं आहे.

मग एका शनिवारी हलवाहलव. झोअँथिडना हात लावताना हातमोजे आणि चष्मा, कारण त्यांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबरी विष असू शकतं (घरी कोणी ठेवत असेल तर लक्षात ठेवा, ते दगड कधीही उकळू नका, वाफसुद्धा घातक). आधी प्रवाळ डब्यांत, मग दगड पाण्याने भरलेल्या पिंपांत, आणि मासे सगळ्यात शेवटी, कारण दगड असताना मासा हाताला लागत नाही. उगाच पाठलाग करून तो दमतो. बॅटरीवरचे हवापंप प्रत्येक बादलीत. अंतर दीड किलोमीटर, तरी टेम्पोवाल्याला सांगितलं की रिकाम्या रस्त्याने जायचं म्हणून सकाळी सातला ये. नव्या टाकीचं तापमान आणि क्षारता जुळवून मगच एकेकाला सोडलं. दिवे नवे, जास्त ताकदीचे. पण प्रवाळ आधी तळाशी ठेवले, दिवे पहिल्या आठवड्यात एक तृतीयांश ताकदीवर, मग हळूहळू वाढवत महिन्याने पूर्ण. जास्त उजेड म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. सवय नसलेल्या प्रवाळाला तो भाजतो.

आणि एवढं करूनही तिसऱ्या आठवड्यात काचेवर, वाळूवर तपकिरी थर धरला. नव्या टाकीत धरतोच. पूर्वी असता तर घाबरून काहीतरी औषध ओतलं असतं. या वेळी गोगलगायी वाढवल्या आणि गप्प बसलो. महिन्याभरात गेला. लेदर प्रवाळ दहा दिवस मिटून बसलं होतं, चामड्याच्या जुन्या पिशवीसारखं. अकराव्या दिवशी उघडलं. या वेळी एकही मासा गेला नाही.

आता मुद्द्यावर येतो.

त्याच दोन तारखांना, म्हणजे २०२१ च्या त्या दिवशी आणि यंदा, आम्ही माणसंही हललो. टाकीचं स्थलांतर मी दुसऱ्यांदा नीट केलं. माणसांचं दोन्ही वेळा पहिल्यासारखंच झालं. सकाळी टेम्पो, संध्याकाळी चावी.

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये २४ बिऱ्हाडं होती. सगळी मिळून एकाच भागात घरं शोधावीत असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्याला जिथे परवडलं तिथे गेला. कुणी बदलापूरला, कुणी विरारला, कुणी गावी. बिल्डरकडून भाडं मिळत होतं, पण तिसऱ्या वर्षी सहा महिने ते थांबलं. दोन वयस्कर जोडपी त्या काळात मुलांकडे परगावी गेली, ती गेलीच. तिघे-चौघे आता या जगात नाहीत. नवीन बिल्डिंगमध्ये जुन्यांपैकी प्रत्यक्ष राहायला आलेली कुटुंबं १५. बाकीच्यांनी घर भाड्याने दिलं किंवा विकलं.

माझी आई ७४ वर्षांची. जुन्या घरात तिचा दिवस कसा जायचा सांगतो. सकाळी दार उघडं. समोरच्या काकूंशी दारातूनच भाजीचा विषय. दहाला इस्त्रीवाला, त्याच्याकडे तिची वही, महिन्याने हिशेब. दुपारी तळमजल्यावर जिन्याच्या पायरीवर चौघी जणी. वाण्याकडे फोन केला की, "आजी, मीठ पण संपलं असेल ना?" असं तोच विचारायचा. तिला बीपीची गोळी राहिली तर कोण आठवण करायचं? मी नाही. समोरच्या काकू.

यातलं काहीही करारात नव्हतं. करारात कार्पेट एरिया होता, कॉर्पस होता, शिफ्टिंगचा खर्च, ब्रोकरेज, मॉड्युलर किचन, व्हिट्रिफाइड टाइल्स. आम्ही सहा महिने भांडलो ते अजून वीस चौरस फुटांसाठी. मिळवलेही. पायरीवरच्या चौघींसाठी कोणी भांडलं नाही, कारण ती गोष्ट दिसतच नव्हती. टाकीतल्या जिवाणूंसारखी. आहे तोवर तिचं नावही कोणी घेत नाही, आणि गेली की पाणी का गढूळ झालं हे कळत नाही.

आता आईला स्वतःची खोली आहे. आयुष्यात पहिल्यांदा. खिडकीतून झाड दिसतं. ती खूश आहे का? आहे. पण परवा म्हणाली, "घर मोठं झालं रे, पण आवाज येत नाही." अकराव्या मजल्यावर सगळ्यांची दारं बंद असतात. व्हिडिओ डोअर फोन आहे. काकू आता सातव्या मजल्यावर आहेत, फ्लॅट लॉटरीने मिळाले ना. लिफ्टने चार मजले. पण दार उघडं टाकून चार पावलं जाणं वेगळं आणि साडी नेसून, चावी घेऊन लिफ्टने जाणं वेगळं.

याचा अर्थ जुनं बरं होतं असा काढू नका. आमच्या जुन्या बिल्डिंगच्या कॉलममधलं लोखंड बाहेर आलं होतं. पावसाळ्यात जिन्यात छत्री लागायची. तिसऱ्या मजल्यावर आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणताना काय होतं ते मी बघितलंय, उचललंय. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांना जाऊन "चाळ संस्कृती"चे गोडवे ऐकवणाऱ्याला मी हात जोडेन. ज्याने रांगेत उभं राहून संडासला जायचं त्याने ठरवावं, लेख लिहिणाऱ्याने नाही. लहान टाकीत मासा खुरटतो, हेही तितकंच खरं आहे. मोठी टाकी हवीच.

माझं म्हणणं एवढंच की मोठी टाकी हवी असणं आणि हलवायची अक्कल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे पहिली भरपूर आहे.

सरकारी कारभारातही तेच. "स्थलांतर" या शब्दाचा अर्थ उचलून ठेवणं एवढाच होतो. आपल्याच भागात रस्ता रुंद करताना दोन मोठी झाडं "पुनर्रोपित" केली होती, आठवतं? मुळं टोपलीएवढी कापून मैदानाच्या कडेला पुरली. फोटो निघाले. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घालायला कोणी नव्हतं. आता तिथे दोन वाळके खांब उभे आहेत.

याउलट एक उदाहरण मला माझ्या छंदामुळे माहीत आहे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती हलवल्या. त्याआधी वन्यजीव कायद्याखाली परवानगी घ्यावी लागली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचं मार्गदर्शन होतं. नवी जागा कोणती, तिथे पाणी कसं, हलवल्यावर तगतात का, यावर लक्ष ठेवण्याचा विषय होता. तो रस्ता तिथून जावा की नाही हा वेगळा वाद आहे, आज त्यात शिरत नाही. पण विचार करा. प्रवाळाच्या १८ वसाहतींसाठी निदान कागदावर तरी "हलवल्यानंतर काय" हा प्रश्न विचारला गेला. आमच्या २४ कुटुंबांसाठी तो कोणी विचारला नाही. बिल्डरने नाही, आर्किटेक्टने नाही, आणि खरं बोलायचं तर आम्हीही नाही. मी त्या कमिटीत होतो. माशांसाठी पाच आठवडे आणि आईसाठी एक टेम्पो.

म्हणून रविवारच्या सभेला जाण्याआधी माझं ऐका. सही करा की नको हे मी सांगणार नाही. बिल्डिंग धोकादायक असेल तर पुनर्विकास लागणारच, आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्क्यांच्या संमतीने तो पुढे जाऊ शकतो. एकटे "नाही" म्हणून बसलात तरी तो कदाचित होईलच. तेव्हा होणार असेल तर कसा व्हावा यावर बोला. माझ्या अनुभवातून सहा गोष्टी :

१. जुनं बंद करण्याआधी नवं उभं करता येतं का ते विचारा. आम्हाला ती सोय नव्हती, आमची एकच बिल्डिंग. तुमच्या तीन विंग आहेत आणि मागे मोकळी जागा आहे. टप्प्याटप्प्याने बांधता येईल का? निदान एका विंगची माणसं प्लॉट न सोडता सरळ नव्या घरात जातील. बिल्डर म्हणेल खर्च वाढतो. वाढतो, मान्य. किती, ते कागदावर मागा. "शक्य नाही" हे उत्तर नाही, आकडा हे उत्तर आहे.

२. मधल्या काळाचे पैसे आधी. आमचं भाडं थांबलं तेव्हा आमच्या हातात काहीच नव्हतं. पुढच्या वर्षाचं भाडं आगाऊ, दर वर्षी वाढ, आणि उशीर झाल्यास काय, हे सगळं करारात आकड्यांत हवं. बँक गॅरंटी कितीची, कोणत्या बँकेची, किती काळ वैध, हे विचारा. स्वतःचा वकील घ्या. बिल्डरने "सोय केलेला" वकील नको.

३. साठीच्या पुढची किती माणसं आहेत याची यादी करा. ती माणसं एकाच गल्लीत, दोन-तीन बिल्डिंगमध्ये एकत्र राहतील असं बघा. याला बिल्डरचा एक पैसा लागत नाही. सोसायटीतल्या दोन तरुणांचे चार रविवार लागतात. टाकी सुरू करायला दोन जुने दगड पुरतात. माणसांचंही तसंच आहे. दोन-तीन ओळखीची घरं शेजारी असली की नव्या जागेत जीव धरतो.

४. लॉटरीआधी विचारा, कोणाला कोणाच्या शेजारी राहायचंय. सगळ्यांचं जमणार नाही. व्ह्यू, मजला, दिशा यावरून भांडणं होतील. होऊ देत. पण ज्यांना शेजार हवा आहे त्यांना जोडीने लॉटरीत बसू द्या. आमच्याकडे हा ठराव मांडायचं कुणाला सुचलं नाही. मांडला असता तर आई आणि काकू आज समोरासमोर असत्या.

५. पायरीची जागा मागा. जिम नको म्हणत नाही. पण तळमजल्यावर, लिफ्टजवळ, पंख्याखाली चार बाकं, जिथून येणारा-जाणारा दिसेल. गच्चीवरच्या "सीनियर सिटिझन झोन"मध्ये कोणी जात नाही, तिथून दिसतं काय? आकाश. आणि इस्त्रीवाला, दूधवाला, फुलवाली यांना आत येता येईल असे नियम आधीच ठरवा. नव्या गेटवर सिक्युरिटी आली की पहिले तेच बाहेर अडकतात. आमचा इस्त्रीवाला आता अ‍ॅपवर नोंद झाल्याशिवाय वर येऊ शकत नाही. त्याच्याकडे साधा फोन आहे.

६. मोठ्या टाकीचं बिल मोठं असतं. नव्या टाकीचे पंप, दिवे, उन्हाळ्यात चिलर मिळून माझं विजेचं बिल किती वाढलंय ते बायकोला विचारा. तसंच घराचं. आमचा मेंटेनन्स महिन्याला ९०० होता, आता ५,८०० आहे. दोन लिफ्ट, पोडियम, पंप, सिक्युरिटी. पेन्शनवर जगणाऱ्याने ५९० फुटांचं घर घेऊन ते टिकवायचं कसं? कॉर्पसच्या व्याजातून मेंटेनन्सला किती हातभार लागेल हा हिशेब आज करा, ताबा मिळाल्यावर नको. आमच्यातल्या ज्यांनी घर विकलं त्यातल्या दोघांनी मला हेच कारण सांगितलं.

कोणी म्हणेल, माशांची आणि माणसांची काय तुलना करता? बरोबर आहे. माणसं माशांपेक्षा चिवट असतात, जुळवून घेतात. आईही घेईल. तपकिरी थर जसा महिन्या-दोन महिन्यांत जातो तसा नवेपणाही जाईल. पण एक फरक उलटाही आहे. माशाला काय हवंय ते मला टेस्ट किट लावून, रंग जुळवून ओळखावं लागतं. माणसाला विचारता येतं. आम्ही विचारलं नाही.

गेल्या महिन्यापासून मी एक केलंय. संध्याकाळी पाच ते सात आमच्या घराचं दार उघडं ठेवतो. टाकी दारातून दिसते. पहिल्या आठवड्यात फक्त कुरियरवाला डोकावला. मग मजल्यावरची एक लहान मुलगी यायला लागली, तिला क्लाउनफिश बघायचा असतो. तिच्यामागे तिची आजी. त्या तेलुगू बोलतात, आई मराठी. दोघी टाकीसमोर खुर्च्या टाकून बसतात आणि काय बोलतात देव जाणे. परवा काकूही सातव्या मजल्यावरून आल्या, गाऊनवरच, साडी न नेसता. मला ते बघून फार बरं वाटलं.

रविवारी सभा साडेदहाला आहे. मी तुमचा सभासद नाही, आत येऊ शकत नाही. पण बाहेर चहाच्या टपरीवर असेन, आमच्या कराराची प्रत घेऊन. त्यात काय होतं हे सगळे सांगतील. काय नव्हतं ते मी सांगतो.

(ज्यांनी पुनर्विकासातून जाऊन आलेत त्यांनी खाली स्वतःचा अनुभव जरूर लिहा, चांगला असेल तर आधी लिहा. बिल्डरचं नाव टाकू नका. आणि टाकी बघायला यायचं असेल तर पाच ते सात, दार उघडंच असतं.)